गाव चालवणारी माणसं गावातच तयार व्हावीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोकणातल्या गावांच्या बातम्या येतात त्या रस्त्यांच्या, टँकरच्या, आंब्याच्या भावाच्या आणि पटसंख्येअभावी बंद पडणाऱ्या शाळांच्या. या सगळ्यांच्या मुळाशी एकच प्रश्न असतो: गावात बारा महिने राहणाऱ्यांपैकी हे काम अंगावर घेणारं कोण आहे? बऱ्याच वाड्यांवर "कोणी पुढे येत नाही" असं उत्तर मिळतं आणि बोलणं तिथंच संपतं. आमचं म्हणणं असं, की माणसं आहेत. त्यांना काम शिकवायची आणि मग ते त्यांच्यावर सोपवायची रीत आपण बसवलेली नाही. ही रीत कशी बसते आणि कुठं बिघडते, हे जरा तपशिलात मांडतो. पत्र लांबलं आहे, तरी जागा द्यावी.

आधी आकडे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गाची ८ लाख ६९ हजारांवरून साडेआठ लाखांवर आली. २०११च्या जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १०३६. कमावता पुरुष मुंबई-पुण्यात. घर, गोठा, भातशेती, म्हातारी माणसं आणि मुलांची शाळा बाईच्या अंगावर, हे चित्र आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहतो. पण गावाचा निर्णय कोण घेतं असं विचारलं, तर नावं येतात ती मुंबईच्या मंडळाच्या अध्यक्षाचं, गावकर-मानकऱ्यांचं, फार तर माजी सरपंचाचं. जो राहतो तो ठरवत नाही आणि जो ठरवतो तो राहत नाही, हा कोकणातल्या गावकारभाराचा सगळ्यात मोठा दोष आहे.

मुंबईकर ग्रामस्थ मंडळांबद्दल आमच्या मनात आदरच आहे. गावाची शाळा, देऊळ, स्मशानशेड, पाखाडी यांतलं बरंच काही गिरणगावातल्या गावकीच्या खोल्यांमधून गोळा झालेल्या वर्गणीवर उभं राहिलं. मात्र वर्गणीबरोबर निर्णयही तिकडेच गेला. गणपतीत किंवा शिमग्यात चार दिवसांसाठी आलेली माणसं बैठक घेतात, सभामंडपाला फरशी बसवायचं ठरवतात आणि परततात. मार्चमध्ये विहीर तळाला जाते तेव्हा ती कुणीच इथं नसतात. मंडळांनी पैसा देणं थांबवू नये, देण्याची पद्धत बदलावी. वाडीतल्या रहिवाशांच्या समितीनं कामाचा कागद करावा: काम काय, खर्च किती, कुणाच्या देखरेखीखाली, कधी पुरं होणार आणि पुढची देखभाल कोण करणार. मंडळानं निम्मी रक्कम आधी द्यावी, उरलेली हिशेब आल्यावर. काम कोणतं घ्यायचं हे मात्र इथं राहणाऱ्यांनी ठरवावं. एवढा बदल झाला तरी वाडीत चार माणसं हिशेब लिहायला, दर विचारायला आणि जबाब द्यायला शिकतात.

"कोकणी माणूस एकत्र येत नाही" हे वाक्य फार ऐकू येतं, आणि ते खोटं आहे. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं खोतांविरुद्ध, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांविरुद्ध, संप चालवला, जमिनी पडीक ठेवल्या, उपास काढले. पुढे १९४९ साली खोती रद्द करणारा कायदा झाला. गावागावात धीर देणारी, धान्य पुरवणारी, फूट पडू न देणारी माणसं असल्याशिवाय सहा वर्षांचा संप टिकत नाही. गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ मध्ये कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभारला, तिथं सफाईचं काम आधी स्वतःच्या हातानं करूनच लोकांना शिकवलं जायचं. आपल्याकडे परंपरा आहे ती अशी, हाताला काम लावून माणूस घडवण्याची. दोन दिवसांचं नेतृत्व शिबिर, फाइल, पेन आणि प्रमाणपत्र यातून माणूस घडल्याचं आम्ही पाहिलेलं नाही.

म्हणून सुरुवात करावी ती एका हंगामात पुरं होईल, डोळ्यांना दिसेल आणि चुकलं तर पुढच्या वर्षी दुरुस्त करता येईल अशा कामापासून. कोकणात असं सगळ्यात चांगलं काम म्हणजे वनराई बंधारा, म्हणजे माती-वाळूनं भरलेल्या पोत्यांचा ओढ्यावरचा तात्पुरता बांध. पाऊस तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पडतो, कातळावरून वाहून खाडीला मिळतो आणि जानेवारीत पऱ्या, म्हणजे ओढा, कोरडा. बंधाऱ्यानं जवळच्या विहिरीचं पाणी काही आठवडे जास्त टिकतं, गुरांना पाणी मिळतं, परसातला भाजीपाला होतो. खर्च नावापुरता. आणि त्यात माणसांना शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

आठ मीटर लांब, एक मीटर उंच, तळाशी दीड मीटर आणि माथ्याला पाऊण मीटर रुंद असा बंधारा धरला तर साधारण नऊ घनमीटर भराव होतो. सिमेंटचं रिकामं पोतं पाऊण भरलं की त्यात पाव घनमीटरचा दहावा हिस्सा, म्हणजे पंचवीस-सत्तावीस लिटर माल बसतो. हिशेबानं साधारण तीनशे तीस ते तीनशे साठ पोती लागतात. फाटकी निघतात ती धरून चारशे जमवावीत. पंचेचाळीस घरांच्या वाडीत घरटी नऊ पोती झाली की काम भागलं. पोती ऑगस्टपासून जमवायला लागावं आणि सावलीत ठेवावीत. उन्हात राहिलेलं पोतं ठिसूळ होतं आणि भरताना उसवतं. भरलेलं पोतं पस्तीस-चाळीस किलोचं होतं. पूर्ण भरलं तर उचलत नाही, शिवाय तोंड शिवता येत नाही आणि थरावर नीट बसत नाही. दाभण आणि सुतळीनं तोंड शिवावं. नुसती गाठ मारली तर आठवड्यात वाळू गळायला लागते.

जागा बघताना पात्र अरुंद, दोन्ही काठ भक्कम आणि तळाला कातळ किंवा कठीण मुरूम असलेली बघावी. तळातला पालापाचोळा, गोटे आणि सैल वाळू काढल्याशिवाय पहिला थर लावू नये. हे काम कंटाळवाणं म्हणून टाळलं जातं आणि मग पाणी बंधाऱ्याच्या खालून निघून जातं. वरून बंधारा शाबूत दिसतो, पाणी मात्र साठत नाही. पोती विटांसारखी सांधे चुकवून लावायची, दोन ओळींच्या मधे चिकणमाती ठोकून भरायची, वरच्या अंगाला जुनी ताडपत्री किंवा जाड प्लास्टिक अंथरून तळाशी दाबायचं. दोन्ही टोकं काठात हातभर खणून आत घ्यायची, नाहीतर पाणी बगलेनं काठ कापत जातं. मध्यभागी जादा पाणी जायला वीतभर खोल सांडवा ठेवायचा आणि त्याच्या खाली पाणी पडेल तिथं दहा-बारा पोती आडवी टाकायची. माती भरण्यासाठी काठ खणू नये. काठच कोसळला तर बागायतदाराशी वैर येतं आणि पुढच्या वर्षी जागाच मिळत नाही. परतीचा पाऊस संपल्याशिवाय घाई करू नये. ऑक्टोबरच्या सुरुवातीला घातलेला बंधारा एका रात्रीच्या पावसानं जातो. डिसेंबर उजाडेपर्यंत थांबलं तर अडवायला पाणी उरत नाही. भातकापणी-झोडणी आवरल्यावरचे, नोव्हेंबरचे पहिले दोन आठवडे सगळ्यात बरे. मेअखेर पोती काढून घ्यायची, म्हणजे पावसाळ्यात प्लास्टिक खाडीत जात नाही.

आता माणसांचा भाग, कारण हे सगळं सांगितलं ते त्यासाठीच. बंधाऱ्याची कामं सहा-सात जणांत वाटावीत: पोती जमवणं आणि मोजणं, जागा ठरवणं, ज्याच्या बागेला लागून पऱ्या जातो त्या बागायतदाराची संमती घेणं, दिवस ठरवून घरोघरी सांगणं, हत्यारं आणि चहा-भाकरी, हजेरी आणि हिशेब, आणि जानेवारी ते मे आठवड्यातून एकदा बंधारा बघून गळती बुजवणं. प्रत्येक कामाला एक जण जबाबदार आणि एक जोडीदार. जोडीदार वयानं लहान असावा आणि पुढच्या वर्षी तोच जबाबदार व्हावा. दोघांतला निदान एक जण बारमाही गावात राहणारा हवाच.

सगळ्यात अवघड काम असतं खालच्या वाडीशी बोलण्याचं. वर पाणी अडवलं की खालच्या पऱ्यात काही दिवस धार कमी होते. आधी न विचारता बंधारा घातला तर रात्रीत पोती फोडली जातात, आणि त्याला आपण "गावात एकी नाही" असं म्हणतो. खालच्या वाडीतल्या दोन माणसांना जागा ठरवायलाच बोलवावं, सांडवा किती ठेवायचा ते त्यांच्यासमोर मोजावं, त्यांच्या बंधाऱ्याला आपली वीस माणसं जातील असं तारखेनिशी कबूल करावं आणि जावं. असं बोलणं ज्याला किंवा जिला साधतं, ती व्यक्ती गावाचं नेतृत्व करू शकते. भाषण करता येणं ही वेगळी गोष्ट आहे.

हेच काम जेसीबी लावून एका ठेकेदाराकडून अर्ध्या दिवसात उरकता येतं. बंधारा तोच उभा राहतो, पण वाडीत कुणी काही शिकत नाही. कागदावरचा आकडा गाठण्यासाठी रस्त्याला लागून, फोटो चांगला येईल अशा जागी घातलेले बंधारेही सगळ्यांनी पाहिलेले आहेत. आणखी एक प्रकार नेहमी घडतो: एखादा उत्साही माणूस सगळी कामं स्वतःकडे घेतो, दोन वर्षं बंधारा छान होतो, तिसऱ्या वर्षी त्याला नोकरी लागते किंवा घरात आजारपण येतं आणि सगळं बंद पडतं. अशा माणसाचं कौतुक जरूर करावं, पण पहिल्याच वर्षी त्याच्या हातातली निम्मी कामं काढून दुसऱ्यांना द्यावीत. त्याला थोडं वाईट वाटेल, तरी द्यावीत.

एक-दोन हंगाम असे गेले की वाडी पाण्याच्या योजनेकडे वळू शकते, आणि इथं खरी कसोटी आहे. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी घरपोच द्यायचं आहे आणि योजना चालवायची आहे ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीनं. बऱ्याच गावांत ही समिती फक्त ठरावाच्या कागदावर असते. टाकी बांधून होते, नळ येतात, आणि वीजबिल थकून वर्षभरात पंप बंद पडतो. कोकणात याचं एक खास कारण आहे, ते म्हणजे बंद घरं. समजा वाडीत ६० जोडण्या आहेत, त्यातली २० घरं चाकरमान्यांची, कुलूपबंद. महिन्याचा खर्च वीज ४,००० रुपये, पंपचालक ३,०००, टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) व किरकोळ दुरुस्ती १,४००, मिळून ८,४०० धरू. सगळ्यांनी भरली तर पाणीपट्टी १४० रुपये येते. "आम्ही राहतच नाही, मग पाणीपट्टी कसली" असं म्हणून वीस घरांनी हात वर केले की महिन्याला २,८०० आणि वर्षाला ३३,६०० रुपयांची तूट येते. आणि ही वीस घरं मे महिन्यात आणि गणपतीत उघडतात, म्हणजे एकदा पाणी सगळ्यात कमी असतं तेव्हा आणि एकदा गावात माणसं सगळ्यात जास्त असतात तेव्हा. यावर तोडगा निघतो. बंद घरांनी निम्मा दर, महिना ७० प्रमाणे वर्षाचे ८४० रुपये गणपतीत एकरकमी भरायचे, चालू घरांनी महिना १७५. वर्षाचे १,००,८०० रुपये बरोबर जमतात. हे गणित फळ्यावर मांडून, आक्षेप ऐकून, सगळ्यांकडून मान्य करून घेणं हे कुठल्याही प्रशिक्षणापेक्षा मोठं शिक्षण आहे. मंडळानं फक्त बंद घरांच्या वसुलीची जबाबदारी घ्यावी. ते मुंबईत बसून होण्यासारखं आहे.

पाणी शुद्ध करण्याचं काम लहान वाटतं, पण रोज करायचं असल्यानं माणूस त्यातच पक्का होतो. हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल, म्हणजे दहा हजार लिटरच्या टाकीला पन्नास ग्रॅम. बादलीत कालवून गाळ खाली बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत ओतायची, निदान अर्धा तास थांबायचं आणि सगळ्यात लांबच्या नळाला ओटी, म्हणजे पाण्यात उरलेला क्लोरीन मोजायची चाचणी घ्यायची, ०.२ पीपीएम क्लोरीन तिथं दिसला पाहिजे. पावडरची पिशवी उघडी राहिली तर कोकणच्या दमट हवेत तिचा जोर लवकर उतरतो, मग माप बरोबर असूनही पाणी शुद्ध होत नाही. पाण्याची तपासणी करण्यासाठी प्रत्येक गावात पाच महिलांना किट वापरायला शिकवायचं असं मिशनमध्येच आहे. किट येतं, एकदा वापरलं जातं, रसायनांची मुदत संपते आणि पेटी कपाटात जाते. या पाच जणींना महिन्याची तारीख ठरवून द्या, निकाल शाळेच्या भिंतीवर लिहायला सांगा. ज्या बाईनं आपल्या हातानं "या विहिरीचं पाणी पिऊ नका" असं भिंतीवर लिहिलं, ती ग्रामसभेत गप्प बसत नाही.

ग्रामसभेचं खरं दुखणं वेळेचं आहे. कायद्यानं वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्यायच्या. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली कमी असेल ती. सभा बहुधा झेंडावंदन उरकून सकाळी बोलावली जाते. त्या वेळी बाई पाणी, गोठा, स्वयंपाक यात अडकलेली; मे महिन्यात आंबा-काजूच्या मागे. अर्धा तास वाट बघून गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग दहा-बारा जणांच्या उपस्थितीत वर्षाचा आराखडा मंजूर होतो. यात बेकायदेशीर काही नाही, पण गावाचं तोंड बंद होतं. उपाय साधा आहे. ग्रामसभेच्या चार-पाच दिवस आधी प्रत्येक वाडीची सभा दुपारी तीन ते पाच या वेळात घ्यावी. प्रत्येक वाडीनं दोनच विषय लिहून द्यावेत आणि ग्रामसभेत ते ज्यांनी सुचवले त्यांनीच मांडावेत, सदस्यानं त्यांच्या वतीनं नव्हे. ग्रामसभेआधी महिला सभा घेण्याची तरतूद आहेच. तिचं इतिवृत्त ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखवावं.

सभा कुठं घेता यालाही महत्त्व आहे. देवळाच्या सभामंडपात बैठक ठेवली की मानाचा, भावकीचा आणि पालखीचा वाद सोबत येतो. बौद्धवाडीची, काही ठिकाणी इतरही वाड्यांची माणसं तिथं येत नाहीत किंवा कडेला उभी राहतात. विकासाची बैठक शाळेत किंवा अंगणवाडीत घ्यावी, सगळ्यांना एकाच सतरंजीवर बसता येईल अशी. देवस्थानचा मान ज्याचा त्याला असू द्या. पाण्याच्या समितीत तो मोजू नये. या बाबतीत भिडस्तपणा केला तर अर्धं गाव कायम बाहेर राहतं.

माणसं निवडायची कुठून, असं विचारलं जातं. रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं तर वाडी कुणाचं दार वाजवते ते बघा. बचत गटाची वही कुणाच्या अक्षरात आहे ते बघा. उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या गटांमध्ये दहा-बारा बायकांनी नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि लेखे ही पंचसूत्री शिकलेली असते. पंचायतीत नेमकं याचंच वावडं असतं. गट, त्यावर ग्रामसंघ, मग पाणी समिती किंवा शाळा व्यवस्थापन समिती आणि त्यानंतर ग्रामपंचायत अशा पायऱ्या चढून आलेली सदस्य डगमगत नाही. शाळा समितीत तर तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असं शिक्षण हक्क कायदाच सांगतो. ती जागा नावापुरती भरली जाते हे दुर्दैव. गटांमध्येही बिघाड होतो. अध्यक्ष-सचिव दहा-दहा वर्षं त्याच राहतात, वही दुसऱ्याच कुणाकडून पैसे देऊन लिहून घेतली जाते, कर्ज दोघी-तिघींतच फिरतं. दर दोन वर्षांनी पदं बदलणं आणि वही दर महिन्याला वेगळ्या बाईनं वाचून दाखवणं, एवढे दोन नियम पाळले तरी बराच फरक पडतो.

महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींमध्ये महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. तरी खुर्चीच्या शेजारी नवरा किंवा दीर बसलेला दिसतो. त्यांना दूर करायचं तर सरपंच ताईंना पहिल्या तीन महिन्यांत काही ठरावीक गोष्टी आल्या पाहिजेत. रोकडवही म्हणजे नमुना ५ वाचता येणं. घरपट्टीची आकारणी नमुना ८ मध्ये आणि मागणी नमुना ९ मध्ये कशी असते ते समजणं. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत २०२१-२२ ते २०२५-२६ या वर्षांसाठी ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच, आणि ४० टक्के अबंधित, ही विभागणी आपल्या गावाच्या आकड्यांत मांडता येणं. आणि डिजिटल सहीचा डोंगल. तो स्वतःच्या पर्समध्ये असावा, पासवर्ड स्वतः बदललेला असावा. डोंगल कार्यालयातल्या संगणकाला कायमचा लावलेला आणि पासवर्ड तिथंच चिठ्ठीवर लिहिलेला, हे अनेक ठिकाणी चालतं. मग पैसे कुणाला गेले हे सरपंचांना लेखापरीक्षणात कळतं आणि जबाबदारी मात्र त्यांच्यावर येते.

गावात थांबलेल्या तरुणांबद्दल दोन शब्द. बाग राखणारा, रिक्षा चालवणारा, होडीवर जाणारा मुलगा "मुंबईला काही जमलं नाही म्हणून राहिला" असाच ओळखला जातो. त्याचं लग्नही अडतं. ज्याला गाव मान देत नाही तो गावासाठी पुढे येणार नाही. त्याच्या हाती खरं काम आणि त्या कामाचा हिशेब द्या. शिकून आलेल्या सुनांचं नाव मतदार यादीत घालायचं राहून जातं, म्हणून त्या ग्रामसभेच्या सदस्यच नसतात. लग्नानंतर पहिल्या वर्षातच ते घालून घ्यावं. गावात राहणाऱ्यांच्या हाती खरं काम देणं मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावानं करून दाखवलं आहे. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या मदतीनं तिथं कासवांची अंडी राखली जाऊ लागली आणि २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पहाटे किनाऱ्यावर फेरी मारणं, अंडी कुंपणातल्या खड्ड्यात हलवणं, तारीख लिहून ठेवणं, पन्नासएक दिवसांनी पिल्लं समुद्रात सोडणं, आलेल्या पाहुण्यांना घरात जेवूखाऊ घालणं, ही सगळी गावातल्या माणसांनीच केलेली नेमून दिलेली कामं. वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत महिला बचत गट कांदळवन (खारफुटी) सफर चालवतो. वन विभागाच्या कांदळवन कक्षाच्या उपजीविका योजनेत सामूहिक प्रकल्पाला ९० टक्के आणि वैयक्तिक प्रकल्पाला ७५ टक्के शासनाचा वाटा असतो. पण उरलेले १० टक्के गावानं स्वतः खिशातून काढले आणि वही स्वतः लिहिली तरच प्रकल्प अधिकाऱ्याची बदली झाल्यावरही टिकतो. ठेकेदारानं गावाच्या नावानं भरलेल्या १० टक्क्यांचा उपयोग नाही.

जिल्हा परिषदांना आमची विनंती आहे, की सदस्यांचं आणि समित्यांचं प्रशिक्षण जिल्ह्याच्या ठिकाणी दोन दिवस ठेवू नये. ओरोसला किंवा रत्नागिरीला मुक्कामी जाणं वाडीतल्या बाईला शक्य नसतं, मग तिच्या जागी दुसराच कुणी सही करून येतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, गावातल्याच शाळेत, दुपारी दोन तासांचं एक सत्र, असं महिन्यातून एकदा घ्यावं; आणि त्यात गावाचीच रोकडवही, गावाचाच आराखडा उघडून बसावं. शेजारच्या तीन-चार गावांच्या समित्यांनी एकमेकींचे हिशेब तपासावेत. भत्ता द्यायचा तर तो सत्राला आलेल्या बाईच्याच खात्यात जमा व्हावा.

आणि आपल्या वृत्तपत्राकडून एक अपेक्षा. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघते, पण ती कार्यालयाच्या फळ्यावरच राहते. तालुकावार ग्रामसभांच्या तारखा, वेळ आणि विषय आठवडाभर आधी आपण छापावेत. सभेनंतर दोनच गोष्टी द्याव्यात: गणपूर्ती झाली की सभा तहकूब झाली, आणि किती महिला हजर होत्या. एका तालुक्यापासून सुरुवात करता येईल. हे आकडे वाड्यांमधून वेळेवर गोळा करून पाठवायला आमची तयारी आहे.

आपले,
उत्तर रत्नागिरीतल्या वाड्या-वस्त्यांवर पाणी समित्या व बचत गटांसोबत काम करणारे कार्यकर्ते